डाव्या खांद्याचं फूल

देव बोलतो का, असं मला कुणी विचारलं तर मी आजही खाली बघेन. बावीस वर्षं मी आमच्या गावच्या बिरोबाला कौल लावला. लोक प्रश्न घेऊन यायचे, मी फुलं लावायचो, एखादं फूल पडायचं आणि लोक उत्तर घेऊन घरी जायचे. मी मधला माणूस. इतकी वर्षं मधे उभं राहून मला देवाचंही काही कळलं नाही आणि माणसाचंही नाही, हे आता पन्नाशी जवळ आल्यावर लिहायला हरकत नाही. इतरांचे अनुभव मी वाचले आहेत. त्यांत भक्त हाक मारतो आणि देव धावून येतो. माझ्या बाबतीत देव येत होता तेव्हा मी आतून कडी घालत होतो. तरी तो आला, असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण त्या दिवशी नक्की काय झालं याचा उलगडा मला अजून झालेला नाही. ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. ती ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच आहे, आणि त्याला सांगता येत नाही.

तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. आमचं गाव जिंतूरच्या पलीकडं, माळाला लागून. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, आणि बिरोबाची पूजाही आमच्याच घरात. आमचा बिरोबा म्हणजे माणसाच्या छातीइतका उंच उभा दगड. माथ्याखाली दोन्ही अंगांना फुगवटे आहेत, त्यांना आम्ही देवाचे खांदे म्हणतो. एका खांद्याला एक, दुसऱ्याला एक अशी कण्हेरीची दोन फुलं नुसत्या पाण्यानं चिकटवायची आणि प्रश्न विचारून वाट बघायची. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. वडिलांनी हे आम्हा दोघांनाही शिकवलं. ते म्हणायचे, "बोट धुऊन घ्या रे आधी. बोटाला काई लागलेलं नको. चिकट बोटानं फूल लावलं की देवाच्या तोंडावर हात ठिवल्यावानी होतंय." पुढं दादानं मेंढरं घेतली आणि कौल माझ्याकडं आला, कारण मला चार अक्षरं येत होती. ती अक्षरं उर्दू होती. निजामाच्या अमलात शाळाच तशी.

त्या उर्दूवर मी तालुक्याच्या एका कचेरीत नकलनवीस म्हणून लागलो. कागदांच्या नकला करायच्या, एवढंच काम. पण गावच्या मेंढरांच्या घरांतून कचेरीत गेलेला मी पहिलाच, त्यामुळं डोक्यावरची टोपी जरा तिरकी असायची. पोलीस ॲक्शन झाली आणि दोन-तीन वर्षांत कागद बदलू लागले. उर्दू जाऊन मराठी येऊ लागली. चाळिशीच्या आसपास मी पुन्हा पाटीवर बाळबोध अक्षरं गिरवू लागलो. माझ्या हाताचं वळण उजवीकडून डावीकडं जाणारं. पेन टेकवलं की हात उलट्या दिशेला ओढ घ्यायचा. डोक्यात मजकूर तयार असायचा आणि कागदावर उतरायचा नाही. त्या वेळी मला त्याची लाज वाटे. पुढं दादाचं जे झालं त्याची मला आठ आणे तरी कल्पना यायला हवी होती ती याच कारणानं, पण आली नाही.

आमच्या कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारा पेशकार आमच्याच जातीतला; त्यानं त्याच सुमाराला दादाच्या मुलीला, गिरजाला, आपल्या मुलासाठी विचारलं. गिरजा सोळाव्यात होती. मुलगा बिजवर, पस्तिशीचा. पेशकाराचा शब्द वरपर्यंत चालायचा, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं याची चर्चा तेव्हा रोजचीच होती. मी दादाला गाठायला माळावर गेलो. त्यानं मुलाला बाजारात पाहिलं होतं. चढावर दमून बसलेल्या बैलाच्या नाकात तो काठी खुपसत होता, असं दादा म्हणाला. मग मेंढरांकडं बघत म्हणाला, "ह्या घरी न्हाई. मी जिता हाय तवर न्हाई. तुझी कचेरी राहो न राहो." त्या वेळी तिथं मी, तो आणि मेंढरं होतो. वहिनीला त्यानं अजून सांगितलं नव्हतं; नाही म्हटलेली गोष्ट घरात कशाला न्यायची, असा त्याचा स्वभाव.

आठ दिवसांनी मेंढरांची कातरणी होती. दादा एका मेंढीला गुडघ्याखाली धरून कातरत होता, मी लोकर गोळा करत होतो. कात्री त्याच्या हातातून गळली. त्यानं ती उचलायला हात नेला तर हात जमिनीवर नुसता पडून राहिला. मी विचारलं, काय झालं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "चूल आण, चूल." मला वाटलं, उन्हानं झालं. पाणी दिलं तर अर्धं ओठांच्या कोपऱ्यातून सांडलं. दुसऱ्या दिवशी तो वहिनीला भाकरी म्हणाला, काळतोंडी मेंढीला कढई म्हणाला, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा चेहरा असा व्हायचा, जसं कुणी त्याच्या तोंडात भलताच घास कोंबला आहे. चार-पाच दिवसांत तेही शब्द गेले. मागं एकच उरला: हाव. आमच्याकडं हो म्हणायला हाव म्हणतात. भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव, राग आला तरी हाव, फक्त मोठ्यानं.

सगळं गाव गोंधळून गेलं, आणि मी सर्वांत जास्त. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं माळावरचं काही लागलं, कुणी म्हणालं म्हातारपण लवकर आलं. मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं. कधी वाटायचं, बोलणं गेलं म्हणजे आतला माणूसच गेला, आता फक्त देह आहे. आणि मग एका संध्याकाळी मेंढरं वाड्यात येत होती, वहिनी आणि गिरजा आत घेत होत्या, दादा खाटेवर पडल्या पडल्या बघत होता, आणि एकाएकी डाव्या हातानं खाट बडवायला लागला. हाव, हाव, हाव. वहिनीनं पाणी दिलं, ते त्यानं ढकललं. घोंगडी दिली, तीही ढकलली. शेवटी गिरजाच्या लक्षात आलं. एक मेंढी कमी होती. ओढ्यात काट्याला अडकलेली सापडली. मेंढी घरी आली तसा दादा शांत झाला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मनात म्हणालो, ही नुसती सवय. माझ्या सोयीचं तेवढंच मी मानत गेलो.

पेशकारानं निरोप धाडला की आता घराला आधार हवा, सुपारी फोडून टाकू. मी पाच जण जमवले. दादाला उशीला टेकवून बसवलं. रीतीप्रमाणं बापाला विचारायचं असतं, आणि विचारणारा मीच. "दादा, गिरजा ह्या घरी द्यायची का?" दादा म्हणाला, "हाव." मग मी त्याच्या डाव्या हातात सुपारी ठेवली. त्यानं ती भिरकावली. ती चुलीपर्यंत गेली. आणि तो हाव हाव म्हणत रडू लागला. जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, पोरीच्या बापाला रडू येणारच. सगळ्यांनी माना डोलावल्या. एरवी हीच माणसं दादाची गंमत करायची. दादा, तंबाखू देता का, म्हणायची. दादा हाव म्हणायचा आणि चंची घट्ट मुठीत धरायचा, मग सगळी हसायची. तंबाखूच्या वेळी त्या हावला काही अर्थ नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सुपारीच्या वेळी कुणालाच आठवलं नाही. मला आठवलं होतं. मी सुपारी उचलून आणली, धोतराला पुसली आणि फोडली.

दुसऱ्या दिवशी वहिनी भाकऱ्या थापता थापता वर न बघता म्हणाली, "भावजी, त्येनी सुपारी फेकली. तुमी म्हंता हाव म्हणले. मला कायबी समजना गेलं. देवाला इचारा. देव हाव म्हणला तर मी पोरीला हळद लावते." नकार द्यायला माझ्याकडं जागाच नव्हती. मी कौल लावणाऱ्याच्या घरचा, नव्हे, कौल लावणाराच. पौर्णिमेचा दिवस ठरला.

मधे आठ दिवस होते. वहिनीच्याच हट्टानं मी दादाला गाडीत घालून जिंतूरला आणि तिथून मोटारीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचे हातपाय वाकवून पाहिले, जीभ बाहेर काढ म्हणाले, घड्याळ दाखवलं, किल्ली दाखवली. मग मला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं. डोक्याच्या डाव्या अंगाला बोलण्याची जागा असते. तिथं रक्त पोचलं नाही, म्हणून वाचा गेली, आणि त्याच कारणानं उजवा हातपाय लुळा पडला. शहाणपणाची जागा निराळी आहे, ते पुष्कळसं शाबूत असेल. शब्द येत नाहीत म्हणून माणूस गेला असं धरून चालू नका. मला डावं-उजवं काही उमगेना. डावीकडं इजा आणि लुळं उजवं? मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द मी घट्ट धरून ठेवला: पुष्कळसं. म्हणजे सगळं नाही. म्हणजे थोडं गेलंही असेल. तेवढ्या फटीतून मला निसटायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात एक कासारीण बसली होती. शेजारी बांगड्यांची पेटी, आणि पेटीला टेकून तिचा नवरा. तो दोन वर्षांपूर्वी गाडीवरून डोक्यावर पडला होता, तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच शब्द: चला. आम्ही बसलो तसं तो दादाकडं बघून म्हणाला, चला. दादा म्हणाला, हाव. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. कासारीण हसली. मला म्हणाली, "भाऊ, घरी काय इचारायचं असंल तर कसं इचारता?" मी म्हणालो, तोंडानं. ती म्हणाली, "म्हंजी इचारतच न्हाई." मग ती दादासमोर उकिडवी बसली. "मामा, तुमी बाई हायत का?" दादा म्हणाला, "हाव." आणि लगेच त्यानं डावा हात कपाळावर मारून घेतला आणि हसू लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. वाकडं तोंड आणखी वाकडं करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कासारणीचा नवराही चला चला म्हणत हसला. तिनं पेटीतून एक हिरवी बांगडी काढली आणि एक लाल, दोन्ही नवऱ्यापुढं धरून म्हणाली, आज कोणती घालू. त्यानं हिरवीवर बोट ठेवलं. ती मला म्हणाली, "तोंड फिरतंय, हात फिरत न्हाई. दोन जिनसा पुढं धरायच्या अन् दम खायचा. लय दम खावा लागतो, बरं का."

ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. पुढं दोनदा मी परभणीला गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात बघितलं; ती दिसली नाही. देवानं पाठवलेली होती असं मी म्हणणार नाही, ती आपल्या नवऱ्याचं औषध न्यायला आली होती. पण मला जे कळायला हवं होतं ते तिनं, मी न मागता, माझ्या हातात ठेवलं, आणि माझ्याच भावाला हसवून दाखवलं. परतीच्या मोटारीत दादा खिडकीशी बसून बाहेर बघत होता. एकदा त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. माझ्या खिशात सुपारीचं एक खांड होतं आणि पायापाशी खडाही पडलेला होता. दोन जिनसा पुढं धरायला एवढं पुरे होतं. मी धरल्या नाहीत. आता मला शंका उरली नव्हती आणि तरी मी विचारलं नाही. हे लिहिताना बोटं जड होतात, पण लिहितो.

पौर्णिमेला सकाळी देवाच्या ठाण्यावर माणसं जमली. पेशकार, त्याचा मुलगा, दोन पाहुणे जाजमावर. वहिनी आणि गिरजा बायकांत. दादाला आम्ही कडुनिंबाला टेकवून बसवलं होतं. मी आंघोळ करून आलो, देव धुतला, भंडारा वाहिला, नैवेद्याचा गूळ फोडला. गूळ फोडणाऱ्याच्या बोटांना गूळ लागतोच. तांब्यातलं पाणी शेजारी होतं. मी उजव्या हाताची बोटं धुतली, उजव्या खांद्याचं फूल लावलं. डाव्या हाताची बोटं धुतली नाहीत. उलट ती पुन्हा एकदा गुळाच्या खड्यावर टेकवली, ओली करून. डाव्या खांद्याचं फूल मी त्या बोटांनी दाबून बसवलं. बावीस वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. करताना मनात काय होतं म्हणाल तर काही नव्हतं, कानात नुसता सूं आवाज होता. मग मी हात जोडून मोठ्यानं विचारलं, देवा, हे लग्न तुझ्या मनात आहे का?

वाट बघणं सुरू झालं. देवापुढं आमच्या माणसांना घाई नसते. कधी कधी अर्धा अर्धा दिवस जातो. म्हातारे ढोल घेऊन बिरोबाच्या जन्माची ओवी म्हणू लागले. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि त्यात एक जास्तीचा आवाज मिसळला. सगळ्यांनी वळून पाहिलं. दादा गात होता. नुसता सूर नव्हे, शब्द. देवाचं नाव, आईचं नाव, रानाचं, पाळण्याचं, एकामागून एक, स्वच्छ, जसे तो पूर्वी गायचा. ढोल वाजवणाऱ्याचा हात थांबला तसा दादाही थांबला. वहिनी उठून त्याच्यापाशी गेली. ती ना हसत होती ना रडत होती. म्हणाली, "देवाचं नाव येतंय, अन् माझं येईना का हो? म्हणा की एकदा." दादानं तोंड उघडलं. गळ्याची शीर फुगली. बाहेर आलं ते, "हाव."

कुणाला काय समजावं ते कळेना. पेशकार म्हणाला, बोलता येतंय की, मग इतके दिवस काय चाललं होतं? कुणी म्हणालं, देव अंगात आला. मीही हबकलो होतो. शब्द आत आहेत, तर ते कोणत्या दारानं आत राहतात आणि कोणत्या दारानं बाहेर येतात? पुढं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, गाण्याची वाट वेगळी असते. त्या वेळी मला फक्त भीती वाटली, की आता तो सगळं बोलेल.

पण तो उठला. वहिनीच्या खांद्यावर डावा हात टाकून, उजवा पाय ओढत तो देवापर्यंत आला. लोकांना वाटलं पाया पडायला. त्यानं दगडाकडं बारकाईनं पाहिलं, आधी उजव्या खांद्याकडं, मग डाव्या. डाव्या फुलाच्या कडेला एक मुंगी चढत होती. दादानं वहिनीला सोडून डाव्या हातानं ते फूल धरलं आणि ओढलं. ते सहज सुटलं नाही. सुटलं तेव्हा पाकळीला तार आली. त्यानं फूल माझ्या तळहातावर ठेवलं. मग आपलं बोट स्वतःच्या जिभेला लावलं, चव घेतली, आणि तेच बोट त्यानं माझ्या ओठांवर टेकवलं. गोड लागलं. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी, ह्याच दगडापुढं, बोटं धुवायला शिकवलं होतं. दादा माझ्या डोळ्यांत बघत राहिला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हाव."

इतक्या लोकांत ते फक्त आम्हा दोघांना कळलं. बाकीच्यांना वाटलं, त्यानं मला प्रसाद भरवला. लगेच वाद सुरू झाला. माणसाच्या हातानं पडलेलं फूल धरायचं का? पेशकार म्हणाला, नव्यानं लावा. एक म्हातारा म्हणाला, तो हात दादाचा कसला, आत्ताच तर देव त्याच्या तोंडून गात होता. सगळे माझ्याकडं बघू लागले, कारण कौल सांगायचा अधिकार माझा. मला एवढंच करायचं होतं, की तोंड उघडून शब्द काढायचे. माझ्या डोक्याला काही इजा नव्हती, जीभ धड होती, आणि शब्द येत नव्हता. मुठीत ते चिकट फूल होतं. शेवटी मी म्हणालो, "कौल डावा हाय. देव न्हाई म्हणला."

पेशकार पाण्याचा घोटही न घेता उठला. वहिनीनं तिथंच दगडावर डोकं टेकलं. आणि मी काय केलं? मी खरं सांगितलं नाही. गुळाचं बोललो नाही, माळावरच्या त्या नकाराचं बोललो नाही. पुन्हा देवाचंच नाव पुढं केलं. म्हणून मला अजून कळत नाही, की त्या दिवशी मी खोटं बोललो की खरं. फूल दादानं काढलं, देवानं नव्हे. पण ज्या देवाला हात नाहीत तो दुसऱ्या कुणाच्या हातानं काढणार होता? मी देवाचं तोंड बंद केलं होतं, आणि ज्याचं तोंड बंद झालं आहे अशा माणसानं ते उघडलं. यापलीकडं माझी बुद्धी चालत नाही. उलट सुलट करून पाहिलं आहे. दर वेळी तिथंच येऊन थांबतो.

पुढच्या वर्षात उर्दू नकला बंद झाल्या आणि मला कमी केलं. पेशकारामुळं की काळामुळं, ते मी विचारलं नाही. मी कौल चुलत भावाकडं दिला आणि या वयात मेंढरांमागं जाऊ लागलो. दादा बरोबर असतो. सावकाश चालतो. कोणतं मेंढरू आजारी पडणार ते तो माझ्याआधी तीन दिवस ओळखतो आणि मला समजावून देताना चिडतो. दम खायला मी शिकलो. कासारीण म्हणाली तसा तो लय खावा लागतो. कधी कधी एका गोष्टीला अख्खी सकाळ जाते. तेव्हा मला आठवतं, की दगडापुढं बसून फूल पडायची वाट बघायला मला कधी कंटाळा आला नव्हता. मुका देव मला चालत होता. मुका भाऊ तेवढा चालला नाही.

गिरजाचं लग्न दोन वर्षांनी झालं. मुलगा ताडकळसच्या बाजूचा, मेंढरांच्याच घरचा. मी त्याला आधी चार दिवस दादाबरोबर माळावर ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी पाच जणांसमोर मी एका तळहातावर सुपारी घेतली, दुसऱ्यावर खडा, आणि दादापुढं धरले. त्यानं सुपारी उचलली, वास घेतला आणि धोतराच्या निरीत खोचून टाकली. फोडायला परत देईना. गिरजा हसली आणि मग तोंडावर पदर घेऊन आत गेली.

एक गोष्ट राहिली होती. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं ओढ्याच्या काठी सावलीला बसलो होतो. मी विचारलं, "दादा, त्या गुळाची माफी हाय का मला?" तो म्हणाला, "हाव." आता या हावचं मी काय करू? मी कण्हेरीची दोन फुलं तोडून आणली, दोन्ही तळहातांवर ठेवली, उजवं माफीचं, डावं नसल्याचं, असं सांगितलं, आणि हात पुढं धरून बसलो. हात भरून आले. दादानं दोन्ही फुलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कोणत्याच फुलाला हात लावला नाही. तेवढ्यात मेंढरं पुढं सरकली. त्याला उठायचं होतं. त्यानं माझ्या बाजूला वळून डावा हात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला, सगळा भार टाकला आणि उभा राहिला.

मी पुन्हा विचारलं नाही. देवाला आता काही विचारतच नाही. सकाळी हात धुतो, दोन वेळा धुतो, आणि जोडतो. दादा रोज सकाळी माझ्या खांद्यावर भार टाकून उठतो आणि आम्ही मेंढरांमागं निघतो. तो हात हेच उत्तर आहे का, हे मला माहीत नाही. तो रोज पडतो, एवढं माहीत आहे.